बा, तुझं पागोटं हायस्कुलात जाऊन आलं

बा, सगळ्यायच्या आधी कोण आलं असेल, सांग. तो लंब्या. नववीतला पोट्टा आहे, बांबूसारखा उंच, मिशी फुटून राहिली अन् आवाज अजून फाटकाच. शाळेत घंटी झाल्यावर पोचते, पण आमच्या अंगणात सगळ्यायच्या पुढं. त्याच्या मागून ती चष्मेवाली पोरगी, त्याच्याच वर्गातली, पण साऱ्या वर्गाची मास्तरीण. मग बाकीचे पोट्टे-पोट्ट्या, अन् दारात चपलांचा ढीग. मी लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. मले वाटलं, बोरं पाडायले आले. तर लंब्या आधी घरात डोकावून पाहते, माझी नात आहे का नाही, अन् मग हळूच म्हणते, "आजी, तुमच्या पेटीत जुनं पागोटं आहे म्हणतात, खरं का जी?"

आता तुले नीट सांगावं लागेल, नाही तर म्हणशील, पोरगी बुढी झाली तरी गोष्ट शेपटाकडूनच सांगते. इकडं करडी गावाच्या बाजूले आता हायस्कूल आहे, बा. मॅट्रिक दहावीलेच होते. दहावीची पोरं परीक्षेले जायच्या आधी नववीची पोरं त्यायले निरोप देतात. पाहुण्यायची भाषणं होतात, त्यात तर झोप येते. खरी मजा शेलापागोट्याची. म्हणजे एकेकाले पुढं बोलवायचं, त्याच्या खोडीवर दोन ओळी वाचायच्या, मोठा झाल्यावर तू असा होशील म्हणून भविष्य सांगायचं, अन् साजेसं काही तरी हातात द्यायचं. सारी शाळा हासते, ज्याच्यावर हासले तोही हासते, अन् जागेवर जाऊन बसला का त्याचे डोळे भरतात, कारण शाळा संपली. यंदा लंब्याच्या डोक्यात आलं, नाव शेलापागोटे आहे तर ज्याचं भविष्य वाचायचं त्याच्या डोक्यावर खरंच पागोटं पाहिजे. गावात आता पागोटं घालते कोण? सगळे टोपीवाले, नाही तर बोडखे. मग कोणी तरी त्यायले सांगतलं, त्या गोष्टीवेल्हाळ बुढीकडं तिच्या बापाचं आहे म्हणून.

अन् नातीले चोरून काहून, तर ती दहावीत आहे. तिचंही भविष्य लिहायचं होतं. तेव्हा ती जादा तासाले गेली होती. तुझी पणती आहे, बा, रंगानं माझ्या मायसारखी अन् तोंडानं माझ्यासारखी. मनातून मी त्या दिवसांत तिच्यासाठीच घाबरून होती. आसगावहून सोयरीक आली होती. घर चांगलं, तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, पोरगा निर्व्यसनी. होळी झाली का पाहायले येतो म्हणून निरोप होता. नातीले भंडाऱ्याले अकरावीत जायचं होतं. तिनं बापाले एकदाच विचारलं. माझा पोरगा वाईट नाही, पण त्यानं ताटातून डोकं न काढता म्हटलं, "पाहू." हे 'पाहू' म्हणजे काय असते ते तुले माहीत आहे. मले दुसरीतून घरी बसवलं, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत लहान भावाले कोण धरेल म्हणून, तेव्हा मी विचारलं होतं, पुढच्या वर्षी जाऊ का? तूही 'पाहू'च म्हणाला होतास. राग नाही, बा. नुसतं आठवलं.

तर मी पोट्ट्यायले मुर्रे अन् गूळ दिला अन् म्हटलं, पागोटं नंतर, आधी वाचून दाखवा काय लिहिलं ते. बापरे, काय डोकी आहेत एकेकाची. एक जण वर्गात सदा झोपतो. त्याले लिहिलं, हा एसटीचा ड्रायव्हर होईल अन् गाडी स्टँडवरून हालणारच नाही. त्याले उशी द्यायची होती. एकाचं भविष्य होतं का तो मोठा डॉक्टर होईल, मेलेल्या माणसायले उठवणारा, कारण दर परीक्षेत त्याची आजी मरते अन् निकालाच्या दिवशी बाजारात कांदे घेताना दिसते. मी त्या बुढीले ओळखतो, रोज विहिरीवर भेटते. माझ्या डोळ्यात पाणी आलं हासून हासून.

मग मी विचारलं, अन् पोरीयचं? चष्मेवाली गुळाच्या खड्याकडं पाहत म्हणाली, पोरीयले एक एक कंगवा अन् कुंकवाची डबी द्यायची आहे, अन् सुखी संसाराच्या शुभेच्छा. भविष्य नाही. पागोटंही नाही. हेडमास्तरांनी सांगतलं म्हणे, पोरीयवर हासलं तर बापायले राग येतो. मले ते काही पटलं नाही. आपल्याकडं लग्नात बायका व्याह्यावर गाणी म्हणतात, ज्याच्यावर गाणं नाही तो व्याही रुसून बसते, मले कोणी धरलंच नाही म्हणून. मी चष्मेवालीले विचारलं, "का व, पाचवीपासून एका शाळेत वाढलात, अन् त्या पोरीयमध्ये हासण्यासारखं कोणाले काहीच दिसलं नाही?" ती बिचारी चष्मा पुसत बसली. मी लंब्याले सांगतलं, पागोटं नेशील तर सगळ्यायच्या डोक्यावर गेलं पाहिजे, नाही तर पेटीतच बरं आहे ते. त्यानं कान खाजवला. चष्मेवाली उठली अन् सरळ हेडमास्तरांकडं गेली. परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं पण हो घेऊन आली होती. मग त्यायनं मले नातीची खोड विचारली. मी काय, एक विचारलं तर चार सांगणारी.

आता त्या पागोट्याचं सांगतो. मी दुसरीतून निघाली त्याच साली, तुले आठवत असेल. तू आंघोळीले गेला आहेस. पागोटं खुंटीवर आहे. मी पाटावर चढून ते काढतो, डोक्यात घालतो, ते कानाच्या खाली येते, अन् अंगणात कोंबड्यायपुढं मी पटवारी होऊन उभी आहे, तुमची बांधी कुठं, तुमचा बांध कुठं. माय दारात पदर तोंडाले लावून हासून राहिली. अन् मागून तुझा आवाज येते, "उतरव ते. पोरीच्या डोक्याले पागोटं शोभत नाही." मी उतरवलं. कोंबड्याही पळाल्या. पण रात्रीच्या जेवणात तू मायले म्हणालास, ही पोट्टी ज्या घरी जाईल तिथं भाजी रांधायची गरज नाही, हिच्या गोष्टींसोबतच लोकं भात खातील. मले ती शिवी वाटली होती. आता इतक्या वर्षांनी पोट्ट्यायचे कागद ऐकताना समजलं, बा, ते तर माझं शेलापागोटं होतं. अन् भविष्य खरंही निघालं. माझ्या सासऱ्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणून कधी तक्रार केली नाही, त्याचं ध्यानच राहत नव्हतं.

शेवटी तू आपल्या गावाहून, बपेऱ्याहून, आमच्याकडं आलास तेव्हा माझा पोरगा एवढासा होता. ओसरीत तुझ्या मांडीवर बसून तो पागोटं बांधायले शिकून राहिला. तू त्याच्या गुडघ्यावरच बांधून दाखवतोस, मोडतोस, पुन्हा बांधायले लावतोस. कापडाची एक शेव दातात धरायची, पीळ सैल पडू द्यायचा नाही, शेवटची शेव उजव्या कानामागं. जाताना तू डोक्यावरून काढून माझ्या हातात दिलंस, अन् बोडख्यानं गाडीत बसलास. म्हणालास, राहू दे, लेकराच्या कामी येईल. मी ते कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं. माझ्या पोरानं ते कधी घातलं नाही. त्याच्या लग्नात भाड्याचा फेटा आणला होता.

निरोपाच्या दिवशी शाळेच्या मैदानात बांबूचा मांडव. माझा पोरगा शाळेच्या कमिटीत आहे म्हणून समोर खुर्चीवर, मी बायकायत सतरंजीवर, अन् माझ्या शेजारी कोण, तर ती दर परीक्षेत मरणारी आजी. डॉक्टरचं वाचलं तेव्हा सारा मांडव तिच्याकडं वळून हासला. तिले कमी ऐकू येते. मी तिच्या कानात सांगतलं का तू मेली होतीस. ती म्हणाली, कधी? अन् मग असं खोकून खोकून हासली का खरंच मरते का काय वाटलं. लंब्यानं एक गोष्ट बिघडवली होती. पागोटं त्यानं घरीच पाण्याच्या गुंडावर गुंडाळून आणलं होतं अन् टोपीसारखं एकेकाच्या डोक्यावर थापत होता. झोपाळू ड्रायव्हरच्या तर नाकावरच आलं. प्रत्येक डोक्यागणिक ते ढिलं होत गेलं. माझा पोरगा खुर्चीत चुळबुळ करून राहिला होता. मले वाटलं, घरची वस्तू न विचारता दिली म्हणून रागावला.

मग पहिली पोरगी बोलावली. ती उठली, पागोटं पाहिलं, अन् ओढणीत तोंड लपवून खाली बसली. मागून कोणी तरी शिटी मारली. हेडमास्तर उठून म्हणाले, राहू द्या, पोरीयले शुभेच्छाच बऱ्या. माझं मन खट्टू झालं. पण चष्मेवालीनं ऐकलंच नाही असं दाखवलं अन् दुसरं नाव घेतलं. माझी नात. ती पुढं गेली. माझ्याकडं पाहिलं नाही, बापाकडं पाहिलं. चष्मेवालीनं वाचलं:

शेळ्यांची घेतली हजेरी, कोंबड्यांचा घेतला तास,
उद्या जीपमधून उतरून म्हणेल, गुरुजी, तुम्ही नापास.

अन् भविष्य, ही शाळा तपासणारी मोठी इन्स्पेक्टरीण होऊन येईल, तेव्हा आजच्या सगळ्या गुरुजींनी फळे पुसून ठेवावे. शेळ्यायचं मीच सांगतलं होतं. लहानपणी ती सांजेले शेळ्या रांगेत बांधून हजेरी घेये, अन् जी बेंबटली नाही ती गैरहजर. हेडमास्तर स्वतःच हासले. तिच्या हातात खडू दिला. आता पागोटं राहिलं. लंब्या ते दोन्ही हातात धरून तिच्यापुढं उभा, अन् त्याचे हात वर जाऊन नाही राहिले. नववीतला पोट्टा, पोरीच्या डोक्याले हात कसा लावेल? अन् त्या धरण्यात पागोट्याचा पीळ सुटला अन् शेव मातीत लोंबली.

माझा पोरगा उठला. मले वाटलं, आता तिले हाताले धरून घरी नेते. तो गेला, लंब्याच्या हातातून पागोटं घेतलं, झटकलं. सगळं उकललं. अन् एक शेव दातात धरली, बा. तुझ्यासारखी. तो बांधून राहिला अन् नात डोकं हालवून राहिली, हासू येत होतं का रडू, मले दिसलं नाही. तेव्हा त्यानं शेव दातातून सोडली अन् सगळ्यायले ऐकू येईल असं म्हटलं, "हालू नको. इन्स्पेक्टरचं पागोटं ढिलं राहत नसते."

शेवटची शेव त्यानं उजव्या कानामागं खोचली. मग जो हासा झाला, अन् टाळ्या. त्या हासण्यात ती ओढणीवाली पोरगी आपल्या मनानंच उठून आली, म्हणाली, काका, मलेही तसंच नीट बांधून द्या. मग माझा पोरगा बसलाच नाही. एकेका पोरीचं भविष्य वाचत गेले अन् तो बांधत गेला. एक थानेदारीण होणार होती, एक रेडिओवर बातम्या वाचणार होती कारण गावातली बातमी तिच्याकडंच आधी पोचते. कोणत्याच बापाले राग आला नाही. आपल्या पोरीवर काय लिहिलं ते ऐकायले माना लांब करून बसले होते सगळे.

घरी येऊन तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीही विचारलं नाही. एवढा वेळ मी गप्प राहिली हे तुले खोटं वाटेल. तिसऱ्या दिवशी आसगावचा माणूस तारीख विचारायले आला. त्याले चहा दिला, धानाच्या गोष्टी झाल्या, अन् मग माझा पोरगा म्हणाला, "आमच्या पोरीचं अकरावीचं ठरलं आहे. तुम्हाले घाई असेल तर दुसरीकडं पाहा." नात चुलीपाशी होती. तिच्या हातातला चमचा भांड्यावर वाजला, बस, तेवढंच. मी डाळ घोटत होती, ती मी नुसती घोटतच राहिली. त्या दिवशी डाळ भल्ली बारीक झाली होती.

हे नातीच्या पेन्सिलीनं लिहून राहिली, बा. दुसरीचं शिक्षण आहे, जिथं जोडाक्षर अडलं तिथं सोपा शब्द घातला. तू आता जिथं गेलास त्या गावची टपाल गाडी कोणती ते कोणाले विचारू? म्हणून कुठं टाकणार नाही. आज लंब्या अन् चष्मेवाली पागोटं परत द्यायले आले होते, धुऊन, इस्त्री करून, जशी काही साडीच. पुढच्या वर्षी आमच्यासाठी काढून ठेवा म्हणाले. ते गेले, घरी कोणी नव्हतं. मी आरशापुढं बसली अन् एक शेव दातात धरली. दात कमी झाले आहेत, सुटून सुटून जाये. पण बांधलं. तू त्या दिवशी म्हणालास ते बरोबर नव्हतं, बा. शोभते.

आता ते उतरवून, ही चिठ्ठी आत गुंडाळून पेटीत ठेवतो. पोट्टे निकालाच्या दिवशी येतो म्हणून सांगून गेले आहेत.