डिकीतले चिरे

मी, सुशीला हरिश्चंद्र मुणगेकर, वय ७१, निवृत्त शिक्षिका, राहणार जामसंडे, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसे करणारे माणूस आमच्या वाडीत अजून जन्मायचे आहे.

१. माझा एकुलता मुलगा देवेश ठाण्याला असतो, सोबत सून स्वप्ना आणि नात अवनी. इथे माझ्याबरोबर राहते ती माझी नणंद जानकी. बाविसाव्या वर्षी ती सासर सोडून परत आली. का आली हे मी विचारले नाही, तिने सांगितले नाही, आणि आमचे छान जमले. रेशनकार्डावरच्या एका ओळीखेरीज तिच्या नावावर काही नाही.

२. जामसंड्याचे घर व आवार माझ्या पतीने मृत्युपत्राने मला दिले. ते माझ्या पश्चात देवेशला मिळावे. मात्र जानकीला त्यात तहहयात राहण्याचा हक्क राहील आणि ती असेपर्यंत घर विकता येणार नाही. गेल्या गणपतीत देवेश पडवीवर बसून म्हणाला, "आई, तुझ्यामागे आत्याची कुठेतरी चांगली सोय करू." बोलला प्रेमानेच. पण आत चुलीपाशी जानकीच्या हातातली पळी थांबली, ती मी पाहिली. बाळा, सोय पाहुण्यांची करतात.

३. माझ्या पाटल्या स्वप्नाला. तिने माझ्या गाडीला भंगार म्हटले होते, तरीही. मोहनमाळ अवनीला. बँकेतील ठेव देवेशला, तीतून आधी घराची कौले परतावीत.

४. पांढरी अँबॅसडर मोटार देवेशला. ह्यांनी ती आंब्याच्या पेट्या नेण्यासाठी जुनी घेतली होती. ती विकण्याआधी त्याने पुढील मजकूर नीट वाचावा.

(अ) चावी फिरवल्यावर नुसता 'कट्' असा आवाज आला आणि सेल्फ फिरला नाही, तर नवीन बॅटरी आणायला धावू नये. आपल्याकडची खारी हवा तारा खाते. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवून पॉलिशपेपरने घासावी, घट्ट बसवावी. धोंडू मेकॅनिकने याच आवाजासाठी मला दोन बॅटऱ्या घ्यायला लावल्या, वर "मास्तरणीबाय, इंजिन ग्येला, माका इका" असे सांगून भंगाराचा भाव केला. त्या दोन्ही मेलेल्या बॅटऱ्या मी धोंडूला देत आहे. गाडीला त्याने हात लावू नये.

(आ) सेल्फ फिरतो पण गाडी उठत नाही, असे पावसाळ्यात होते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी.

(इ) तरीही नाही, तर पुढून घालून फिरवायचे हँडल. अंगठा हँडलभोवती गुंडाळू नये, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटे फिरले तर बोट मोडते. जानकीचे मोडले होते. दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने हँडल मारले, कारण मी आत बसून चोक ओढल्याशिवाय आणि तिने बाहेरून हँडल मारल्याशिवाय ही गाडी उठत नाही. देवेश, तू हँडल मार. चोक किती ओढायचा ते आत्याला इंजिनाच्या आवाजावरून कळते, तिला आत बसव.

(ई) मागच्या स्प्रिंगचे पाटे. पेट्यांच्या वजनासाठी ह्यांनी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला, त्यामुळे रिकामी गाडी मागून दणके देते. ह्यांच्या मणक्याच्या दुखण्यात मी त्यांना कोल्हापूरला नेत असे, तेव्हा प्रत्येक खड्ड्याला ते कळवळत. एके दिवशी पाहते तो जानकी विहिरीच्या बांधकामातले उरलेले चार जांभ्या दगडाचे चिरे एकेक करून डिकीत ठेवत होती. मध्ये गोणपाटे कोंबली, घसरू नयेत म्हणून. मग मागे बसून तिने भावाचे डोके मांडीवर घेतले. नांदगावच्या पुढे तिने विचारले, "दादा, दुखता काय रे?" ते म्हणाले, "नाय गो. आता बरा वाटता." फोंडा घाट चढून होईपर्यंत ते गाढ झोपले होते. मी आरशात बघत रडत गाडी चालवली.

जादा पाटा काढला की हा दोष जातो, हे मलाही ठाऊक आहे. काढू नये. चिरे नको असतील तर माणसे बसवावीत. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला चौघे गेलात, तर गाडी लोण्यासारखी जाईल.

५. माझ्या दिवसांना जेवण साधे असावे. माझ्या ड्रायव्हिंगवर हसलेल्यांनाही वाढावे, पण शेवटच्या पंगतीत.

दुरुस्ती: वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचला. जानकी दारात उभी राहून ऐकत होती. कलम दोन संपल्यावर म्हणाली, "म्हणजे माका घर गावाक तू मराक होया? नको गो वयनी, माका तसला घर नको." आणि आत निघून गेली.

ती बरोबर बोलली. तिला घर मिळायला मी मरायला कशाला हवे? म्हणून कलम दोनमधील जानकीविषयीचा मजकूर मी रेघ मारून रद्द करत आहे, शेजारी सही केली आहे. येत्या सोमवारी आम्ही दोघी निबंधक कार्यालयात जाऊन अर्ध्या घराचे बक्षीसपत्र तिच्या नावे करू. देवेशला मिळेल ते उरलेले अर्धे घर. या मृत्युपत्रात आता जानकीसाठी काहीही ठेवलेले नाही. ती माझ्या मरणाची वाट बघणारी नाही, म्हणून.

वाचले, पटले, सही केली.

सुशीला हरिश्चंद्र मुणगेकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुभद्रा वाळके, जामसंडे
२. अक्षया घाडी, जामसंडे

स्थळ: जामसंडे
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५