चासकर सरांची रजा

८ डिसेंबर २००३

चासकर सरांना इंग्रजी येत नाही. झालं, लिहून टाकलं! सगळ्या कॉलेजला माहीत आहे, पण बोलायचं कुणी नाही. बावीस वर्षं हा माणूस इंग्रजी शिकवतोय. शिकवतोय म्हणजे काय — एक ओळ वाचायची, पुस्तक छातीशी धरायचं आणि पंधरा मिनिटं मराठीत गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. "आता बगा, ह्या कवीला हितं काय म्हनायचंय —" आणि मग कवी बाजूलाच. सरांच्या गावच्या, मढच्या डोंगरात कुणाची शेळी हरवली, ती कशी सापडली! पोरं खूश. पोरांना काय, तास कटला की झालं.

पुस्तकाबाहेरचं एक इंग्रजी वाक्य आजवर सरांच्या तोंडून ऐकलेलं नाही. एकच नाही.

९ डिसेंबर

आज मोजलं. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात इंग्रजी चार मिनिटं.

१५ डिसेंबर

मोठी बातमी. फेब्रुवारीत कॉलेजला ग्रेड देणारी समिती येणार. बाहेरच्या राज्यातली प्राध्यापक मंडळी, दोन दिवस, सगळं तपासणार. चांगली ग्रेड मिळाली तर जूनपासून इथं स्पेशल इंग्रजी सुरू होणार — प्राचार्यांनी सभेत सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. बाकीचे शेंगदाणे खात होते.

आत्ता इथं बी. ए.ला स्पेशल विषय म्हणून मराठी, इतिहास आणि भूगोल. बास. आणि आण्णांनी तर आधीच सांगून टाकलंय, "पुन्याला न्हाई पाठवनार. हितं हाय त्यात शिक, न्हाईतर घरी बस." आईचंही तेच. महाळुंग्यातून इथवर एसटीनं पाठवतात हेच उपकार. मी यंदा एफ. वाय.ला, म्हणजे पुढल्या वर्षी इथं स्पेशल इंग्रजी आलं तरच मला मिळणार. नाहीतर पुढची दोन वर्षं इतिहास. तहाची कलमं!

इंग्रजीच का? मागच्या मे महिन्यात आण्णांना घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेले होते. दोन डॉक्टर आमच्यासमोर उभं राहून आमच्याबद्दल इंग्रजीत बोलत होते. आण्णा मान डोलवत होते. एक अक्षर कळत नव्हतं आणि डोलवत होते! मला त्या डॉक्टरांचा राग आला, आण्णांचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यात जास्त माझा. दहावीला इंग्रजीत ब्याऐंशी मार्क आणि मलाही कळत नव्हतं.

६ जानेवारी २००४

कॉलेजचं लग्न लागायचंय असं वाटतं. रंग काय, पताका काय! नर्सरीतून शंभर कुंड्या भाड्यानं आणल्यात. शिपाई जानकूभाऊ त्यांना पाणी घालून घालून वैतागलेत. "झाडं त्यांची, पानी आमचं, वर मोडलं तर भरून द्या म्हनं."

लायब्ररीची वाचनाची खोली आजवर कुलपात होती. आता तिथं नवीन टेबलं, पांढरे पडदे. समिती विद्यार्थ्यांशी तिथंच बोलणार. इंग्रजीत! म्हणून वीस जण निवडलेत. प्रत्येकाला एक-एक उत्तर, पाठ करायचं. मला 'महाविद्यालयातील मुलींसाठीच्या सुविधा'. कुठल्या सुविधा? मुलींच्या संडासाला कडी नाही. पण पाठ केलं, नऊ ओळी.

आमच्या वर्गातल्या ऋषीकडे ग्रंथालय आलंय. जन्मात त्यानं पुस्तक घेतलेलं नाही. "आमचं ग्रंथालय ज्ञानाचा सागर आहे" हे इंग्रजीत घोकत सायकल स्टँडपाशी फिरत असतो. वेंधळा!

तयारी आदेश सर करून घेतात. सर तसे कॉम्प्युटरचे, पुण्याला काहीतरी कोर्स केलाय. पण इंग्रजी असं फाडफाड की ऐकत राहावं. शर्टसुद्धा इस्त्रीचा. चासकर सर मागच्या बाकावर बसून नुसते बघत असतात. काही लाज?

२० जानेवारी

आजचा तास तर कहर. कविता होती एका म्हाताऱ्या कोळ्याची. त्याची होडी विकली गेलीय, तरी तो रोज किनाऱ्यावर बसून जाळं विणतो. सरांनी दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक छातीशी! आम्हाला कळलंच, आता मढ येणार.

आलंच. "आमच्या बानं बैल विकला. चार वरसं झाली. तरी सांजच्याला वट्ट्यावर बसून दावं वळायचा. आय म्हनायची, आवं बैल कुटाय? बा आपला वळतच ऱ्हायचा. अरं, डोक्याला ठावं हाय बैल न्हाई. पर हाताला कोन सांगनार?"

मनालनं तर चक्क डोळे पुसले. ही मनाल माझ्या शेजारी बसते, तिच्या अब्बांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान आहे, आणि तिला चासकर सर फार आवडतात. मी तिला म्हटलं, "परीक्षेत बैल लिहिणार आहेस का?" ती म्हणाली, "तू फार आगाऊ आहेस, समृद्धी."

असेन. पण इंग्रजी कवितेत दावं आणण्याइतकी मी आगाऊ नाही, एवढं खरं.

२ फेब्रुवारी

आज प्राचार्यांनी वीस जणांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, चासकर सरांची तब्येत बरी नसल्यामुळे ते दहा आणि अकरा तारखेला रजेवर राहतील. इंग्रजी कोण शिकवतं असं समितीनं विचारलं तर सगळ्यांनी सांगायचं, आदेश सर. "ग्रेडचा प्रश्न आहे, बाळांनो."

तब्येत बरी नाही! सकाळी तर दोन वडापाव खाताना बघितलं. सरळ सांगा ना, की या माणसाला समितीसमोर उभं केलं तर कॉलेजचं हसं होईल. मला तर पटलं बाई. स्पेशल इंग्रजीच्या आड एक चासकर सर येणार असतील तर दोन दिवस घरी बसोत की! बावीस वर्षं कॉलेजच्या खर्चानं शेळ्या हिंडवल्या, आता दोन दिवस आमच्यासाठी बसले तर काय बिघडलं?

मनाल मात्र उठून म्हणाली, "सर, मी असं नाही सांगणार." प्राचार्यांनी तिचं नाव यादीतून खोडलं. बस म्हणावं आता बांगड्या भरत.

जाताना ऑफिसात चासकर सर दिसले. रजेच्या अर्जावर सही करत होते. क्लार्क म्हणाला, "सर, कारन काय टाकू?" सर म्हणाले, "टाक काय बी."

११ फेब्रुवारी

जेवणही झालेलं नाही. तरी लिहिते, नाहीतर विसरेन.

समितीत तिघं. त्यातल्या एक मॅडम केरळच्या, काठापदराची साडी, केस पांढरे. वाचनाच्या खोलीत आम्ही एकोणीस जण रांगेत. आदेश सर पडद्याजवळ. मॅडमनी पहिलाच प्रश्न ऋषीला विचारला, तू कुठल्या गावाहून येतोस? साधा प्रश्न! ऋषी उठला आणि म्हणाला, आमचं ग्रंथालय ज्ञानाचा सागर आहे. पुढच्या मुलीला विचारलं, घरी कोण कोण असतं? तिनं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सांगितलं, तारखेसकट. प्राचार्यांच्या कपाळावर घाम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आमचं कॉलेज! ही आमची लायकी!

मग माझी पाळी. नऊ ओळी ओठांवर तयार. मॅडमनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, पाठ केलेलं राहू दे. यावर्षी जे वाचलंस त्यातलं काय आवडलं ते सांग.

सगळं कोरं. नऊ ओळीही गेल्या. स्पेशल इंग्रजी माझ्यामुळे गेलं, असंच वाटलं. आणि मग तोंडातून आपोआप आलं — इंग्रजीत! — एक कोळी आहे, होडी नाही, तरी जाळं विणतो. लोक म्हणतात वेडा. तो वेडा नाही. आमच्याकडे एक शेतकरी आहे, त्याचा बैल गेला, तरी तो दोरी वळतो. डोक्याला माहीत आहे, हाताला माहीत नाही.

चुका असतील, खंडीभर असतील. पण मी बोलले! पाठ न केलेलं! मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या. म्हणाल्या, ही कविता मी तीस वर्षं शिकवते, मला असं कधी सुचलं नाही. कोणी शिकवली तुला?

मी आदेश सरांकडे बघितलं. आदेश सर प्राचार्यांकडे बघत होते.

मी म्हटलं, आदेश सरांनी.

मॅडमनी त्यांच्याशी हात मिळवला. आदेश सरांना ती कविता पुस्तकात आहे हे तरी ठाऊक असेल का? त्यांनी हसून थँक यू म्हटलं. फाडफाड.

१२ फेब्रुवारी

कुंड्या परत गेल्या. मनाल बोलत नाही. नाही तर नाही.

५ मे

ग्रेड आली! चांगली आली! अहवालात लिहिलंय म्हणे, इंग्रजीचे अध्यापन विशेष उल्लेखनीय. आदेश सरांचा सत्कार, शाल, श्रीफळ, फोटो. स्पेशल इंग्रजीला हिरवा कंदील. मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग घे की. आता कोन न्हाई म्हनतंय?" आई लाडू वळायला बसली. खरं म्हणजे ती शाल माझी आहे. पण असू दे, मला विषय मिळाला.

चासकर सर समारंभात कोपऱ्यात उभे होते. टाळ्या वाजवत होते. मी तिकडे बघायचं टाळलं. त्यात टाळण्यासारखं काय होतं? काही नाही. टाळलं एवढंच.

१४ जून

चासकर सरांची बदली. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कारण काय, तर समितीच्या कागदांत इंग्रजीला आदेश सर दाखवलेत, मग चासकर सर इथं जास्तीचे ठरतात. रिटायर व्हायला पाच वर्षं राहिली होती.

बरं झालं, असं लिहायला बसले होते. सुटलो एकदाचे, असं. लिहिलं जात नाहीये.

२८ जून

नोटीस बोर्डावर कागद लागलाय. स्पेशल इंग्रजी यंदा सुरू होणार नाही. स्पेशल शिकवायला इंग्रजीत एम. ए. झालेला, विद्यापीठानं मान्यता दिलेला शिक्षक लागतो. आदेश सर कॉम्प्युटरचे. असा शिक्षक या कॉलेजात एकच होता.

क्लार्क म्हणाला, "सरांना पुन्याच्या विद्यापीठात फर्स्ट क्लास व्हता, तुला ठावं न्हाई?" मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच कधी? मी मिनिटं मोजत होते.

इतिहासाचा फॉर्म भरला. मनालनं पेन दिलं. एवढंच बोलली, "खाली नाव लिहायचं राहिलंय."

मी मूर्ख आहे. इतके महिने या वहीत दुसऱ्यांना म्हणत होते ते सगळं मीच आहे.

३ जुलै

एसटी स्टँडवर चासकर सर भेटले. ट्रंक, वळकटी, बदलीच्या गावाला निघाले होते. मला पळून जायचं होतं, पण त्यांनीच हाक मारली.

म्हणाले, "त्या दिशी मी रजेवर व्हतो न्हवं? घरी करमंना. लायब्रीच्या मागल्या खोलीत बसलो व्हतो, पडद्याआड. समदं ऐकलं, बाय. लई झ्याक बोललीस! घरी जाऊन मंडळींना सांगितलं, आपली पोरगी पार केरळच्या बाईशी इंग्रजीत बोलली म्हनून."

गाडी लागली. ट्रंक मी चढवून दिली.

सगळं ऐकलं, म्हणाले. म्हणजे मॅडमचा शेवटचा प्रश्नही ऐकला होता. आणि माझं उत्तरही. आणि तरी घरी जाऊन आपली पोरगी म्हणाले.