सुभेदारांच्या बिल्ल्यांवरचा हार

कोरेगाव, डिसेंबर १९४७. मंगळवार, संध्याकाळ

सुभेदारांची शोकसभा आटोपून आलो, पण तो हार डोक्यातून जात नाही. पलटणीतून परतलेला माणूस. सकाळी उसाला पाणी, दुपारी गावाची गाऱ्हाणी, असा जन्म गेला. सभेत मांडलेल्या फोटोत छातीवर गोऱ्या सरकारचे बिल्ले. स्वराज्यात ते दिसायला नकोत म्हणून अध्यक्षांनी झेंडूचा हार नेमका त्यांच्यावर ओढला.

सुभेदारीणबाईंनी उठून तो बाजूला सारला. "आवं अध्यक्ष, दवाखाना मागाय ह्यास्नी कलेक्टराकडं धाडताना तुमीच म्हनला व्हता, बिल्ले लावूनच जावा. आता लाज वाटाय लागली व्हय?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मीही, एरवी जिभेला हाड नसलेला.

बाई बसल्या. अध्यक्षांनी हार पुन्हा बिल्ल्यांवर ओढला. मग आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो, अगदी कवायतीतल्यासारखे.