आयसोलेटरच्या दोन बाजू

८ एप्रिल, मंगळवार. मैलूर, बिदर.

नवी नोकरी, नवी वही. आयटीआयला अमृतप्पा मास्तर सांगायचे, पार्ट काढायच्या आधी कोणत्या बाजूला काय जोडलंय ते वहीत लिहा, मगच पाना उचला. नऊ वर्षं मी ते पाळतोय. हुमनाबादच्या गॅरेजात सगळे मला तलाठी म्हणायचे. म्हणोत बापडे. माझ्या हातून आजवर एक वायर उलटी लागलेली नाही.

मालक गुरुराज सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेत. बोलणं मऊ, चहा स्वतः करून देतात. त्यांच्याकडे मोटरहोम आहे, म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, ओटा, नळ, पंखा, फ्रीज, सगळं एका लांब गाडीत. ड्रायव्हर मीच आणि मेकॅनिकही मीच. आवारात मागे पत्र्याची खोली दिलीय. रूपाला सातवा महिना लागलाय, तपासणीसाठी आमच्या चिंताकी गावाहून हेलपाटे नकोत म्हणून तिलाही आणलं. तिने गाडीतला नळ चारदा सोडून बघितला. म्हणाली, "आपल्या घरात न्हाई ते गाडीत हाय. बाळंतपण हितंच करावं वाटायलंय!" मी हसलो. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

९ एप्रिल

सरांची तक्रार अशी की गाडी उभी असतानाही जळका वास येतो. पलंगाखालची पेटी उघडली. ह्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पुढची इंजिनाची आणि मागची घरातल्या दिव्या-पंख्याची. मधे आयसोलेटर, हाताएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा. इंजिन चालू असलं की तो दोन्हीकडे करंट देतो, आणि इंजिन बंद झालं की ह्या बाजूचं त्या बाजूला जाऊ देत नाही. एवढंच त्याचं काम.

इंजिन कालपासून बंद. तरी ठोकळ्यावर हात टेकवला आणि तळव्याला फोड आला. नऊ वर्षांचा मेकॅनिक आणि हात दाखवून अवलक्षण. मीटर लावला. पुढच्या बॅटरीतून मागे आठ अँपिअर वाहतायत. मागची बॅटरी तर जवळजवळ मेलेली. मी एकेक करून सगळे फ्यूज काढले. तरी आठच.

शेवटी फ्यूज नसलेली एक बारीक काळी वायर सापडली. ती पलंगाच्या उशाशी असलेल्या छोट्या दिव्याला जाते. तीन वॅटचा दिवा. त्याला पाव अँपिअर पुरे. बाकीचा करंट कोण खातंय, कळलं नाही.

१० एप्रिल

सरांना दिव्याबद्दल विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. नलिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत मराठी शिकवायच्या. संक्रांतीनंतर झहीराबादहून परतताना ह्याच गाडीत, ह्याच पलंगावर गेल्या. माणूस जिथे गेलं तिथे दिवा लावतात, खाली परातीत पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि सकाळी पावलाची खूण उमटली का बघतात. आमच्याकडेही करतात. गाडीत तेलाचा दिवा कसा ठेवणार, म्हणून सरांनी वायर ओढली. पण तेराव्याला दिवा काढायचा असतो. सरांनी काढलाच नाही. तीन महिने रोज नवं पीठ. फिजिक्सचा माणूस! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आयसोलेटर आतून जळालाय. नवा हैदराबादहून यायला आठवडा लागेल. सरांनी माझा हात धरला, म्हणाले तोवर दिवा विझता कामा नये. मग काय, जुना काढला आणि दोन्ही बाजूंच्या वायरी एकाच बोल्टवर कसल्या. गॅरेजच्या भाषेत डायरेक्ट मारला. मास्तरांनी कान पिळला असता. काढण्याआधी वहीत लिहिलंय: डावीकडे इंजिनाची बॅटरी, उजवीकडे घरची.

१२ एप्रिल

पत्र्याखाली भट्टी झालीय. सर स्वतःहून म्हणाले, रूपाला दुपारी गाडीत पंख्याखाली झोपू दे. ती तीन तास गाढ झोपली.

आईला फोन केला. आमची बाणूबाई, तिचा फोन म्हणजे अर्धा तास, पण आज दिव्याचं ऐकताच तिने मला मधेच तोडलं. मग म्हणाली, "तेराव्याला दिवा काढतेत बाबा, मग गेलेलं माणूस वाट धरतंय. तीन महिने दिवा ठिवलाय म्हंजे तिला बसवूनच ठिवलंय की. रूपाला तिथं निजू दिऊ नको." मी म्हणालो, तिथे पंखा आहे.

१३ एप्रिल

सकाळी सर परात घेऊन धावत आले. डोळ्यांत पाणी. पिठात पाऊल उमटलंय. म्हाताऱ्या बाईचं, टाच रुंद, बोटं पलंगाकडे.

मी म्हणालो, उंदीर असेल. उंदराला टाच नसते हे मलाही कळतं.

१४ एप्रिल

रूपा सारखी थकते. हात गार. बाळ मात्र लाथा मारतंय. दवाखान्यात म्हणाले सगळं ठीक आहे, उन्हाचं जपा.

आज तिने चहात साखर नको म्हटलं. रूपा, जी गुळाचा खडा खात चहा पिते. सर ओट्यापाशी उभे होते. हसले. म्हणाले, नलिनीला साखर वर्ज्य होती.

१५ एप्रिल

तिने मला नावाने हाक मारली.

लग्नाला तीन वर्षं झाली. उखाणा सोडला तर माझं नाव तिच्या तोंडून कधी आलेलं नाही. आमच्यात कोणीच नवऱ्याचं नाव घेत नाही. दुपारी गाडीतून उतरली आणि म्हणाली, "सिद्धराम, तुझं अक्षर सुधारायला हवं." मला 'तू' म्हणाली. वही तिच्या हातात होती. रूपाला वाचता येत नाही.

मला भीती वाटतेय. लिहून टाकतो म्हणजे कमी होईल.

रात्रीपुरतं तिला खोलीत ठेवलं आणि कडी लावली. उद्या चिंताकीला घेऊन जातो.

१६ एप्रिल

नेता आलं नाही. ती आवाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. ओढलं तर श्वास कोंडतो, ओठ निळे पडतात. आत आणलं की बरी.

परातीत दुसरं पाऊल. हे तरण्या बाईचं. करंगळी वाकडी. रूपाची करंगळी अशीच आहे. बोटं दिव्याकडे.

तिचे तळवे बघितले. पिठाचा कण नाही.

पार्ट आलाय. मी डायरेक्ट मारला म्हणून बाईंना वाट झाली. उद्या नवा बसवतो. मागची बॅटरी मेलेलीच आहे, पुढून करंट बंद झाला की दिवा आपोआप विझेल. बाई सुटतील. रूपा सुटेल.

१७ एप्रिल, दुपार

बसवला. घाईत. काढण्याआधी काही लिहिलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा—

बोल्ट कसला आणि बाहेर रूपा उठून उभी राहिली. गालांवर रंग आला. मला वाटलं, जिंकलो. आई भवानी, जिंकलो. दिवा पिवळा पडत चालला होता.

मग उशाशी आवाज आला. बारीक. दिव्यातून.

"आवो. कामून अंधार करायलाव? मला दिसंना गेलंय."

—

बाहेर पायरीवर ती बसलीय. पोटावर हात. सर शेजारी, तिचा हात हातात घेऊन. ती शांतपणे म्हणाली, "आता ती वायर पुन्हा जोडू नकोस हं, सिद्धराम. बाळाला माझी गरज आहे."

सरांना माहीत होतं. मला कामावर घेतानाच विचारलं होतं, बायको आणणार का—

घरची बॅटरी १०.१ व्होल्ट. आवाज अजून येतोय.

९.६. रूपा विचारतेय, लेकरू कुठंय. पोट रिकामं लागायलंय म्हणते.

मास्तर, लिहितो. आधी लिहितो, मग पाना.

डावीकडे— इंजिनाची बॅटरी. बाहेर. नलिनीबाई. माझं लेकरू.

उजवीकडे— मेलेली बॅटरी. दिवा. रूपा.

जोडलं तर ती परत येईल. येईल ना. का लेकरूही इकडे— ८.९— कोणतं कुठं जाईल हे मला—

आवाज ऐकू येईना. फक्त "आवो"—

जोडतोय. रूपा, थांब, जोडतोय. पुढे बॉनेट उघडल्याचा आवाज आला. सर पुढच्या बॅटरीची वायर काढतायत, मग जोडूनही रूपा