बेसुऱ्याची टेप

४ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन सहा आठवडे झाले. पाय ओढत का होईना, पलंगापासून खिडकीपर्यंत जातात. पण तोंडातून शब्द नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. पण त्यांनी स्वतःच नाद सोडला, तर आपण काही करू शकणार नाही. आणि नाद त्यांनी सोडलाच आहे रे. मला भीती वाटते ती त्याचीच.

गाणं ऐकवून बघा, असं बाईंनीच सुचवलं. मी एकेका नामवंताच्या तबकड्या लावल्या. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. खाली दुकानात दुरुस्तीला आलेल्या सात हार्मोनियम धूळ खात पडल्या आहेत. पेटी दुरुस्त झाली की ते स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणून ती तपासत, आठवतं? 'दार उघडा, ऊन येऊ द्या.' ते तू टेपवर म्हणून पाठव. नऊ वर्षं तुझी पत्रं मलाच येतात, त्यांनी तुझा आवाजसुद्धा ऐकलेला नाही.

तुझ्या लोभाची, आणि त्याआधी टेपची वाट बघणारी,
ताई

१३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. टपली पोचली, बरोबर डोक्यात बसली.

तू भलत्याच माणसाला गायला सांगतेस. 'याला कान नाहीत, नुसती भोकं आहेत' असं बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, त्याच दिवशी मी हातातली कानस खाली ठेवली आणि दुकान सोडलं. कान नाहीत म्हणून चष्म्याच्या कारखान्यात डोळ्यांच्या धंद्याला लागलो. माझं रेकणं ऐकून ते आहे ती तब्येतही घालवतील.

तरी म्हटलंय. जेवणाच्या सुट्टीत, भिंगं घासायची यंत्रं बंद असताना. कुणाचं बोट कापलं की काय म्हणून फोरमन धावत आला. ताई, शाबासकीची आशा मी कधीच सोडली. त्यांनी एकदा हाक मारावी, एवढंच वाटतं.

तुझा लोभ कानांवर अवलंबून नाही, हे बरं आहे.
तुझा,
बारक्या

२१ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी टपली नाही.

काल दुपारी टेप लावली. 'दार उघडा' बाबांनी निमूट ऐकून घेतलं. पुढे 'ऊन'वर तू असा काही घसरलास की त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, करायला गेले एक नि झालं भलतंच. बंद करायला उठले, तर डाव्या हाताने मला अडवलं आणि टेप मागे न्यायची खूण केली. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्या वेळी तू घसरलास आणि बाबांनी घशातून सूर काढला. नेमका तुझा चुकलेला. मग त्या सुरावरच शब्द आला, 'ऊन'.

मी रडले. ते नाही. ते कामावर होते. नामवंतांच्या गाण्यात त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझ्यात दुरुस्तीला भरपूर वाव आहे.

बाई म्हणतात, बोलण्याची वाट बुजली तरी कधीकधी गाण्याची मोकळी राहते. आज बाबांनी अख्खी ओळ म्हटली. आणखी टेपा पाठव. आणि देवाशपथ सांगते, रियाज करू नकोस.

लोभ दुप्पट झालेली,
ताई

३० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तीन टेपा. सुधारणा होईल ही काळजी सोड, प्रयत्न करूनही होत नाही.

आता खरं विचारतो. मी यावं का? की टेपच बरी? टेपवरचा मुलगा बंद करता येतो. मी दारात उभा राहिलो आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, तर मला ते पेलणार नाही. त्यांना विचार आणि असेल ते कळव, गोड करून सांगू नकोस.

लोभ राहू दे, त्याच्यावरच टिकून आहे.
बारक्या

९ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. शेवटचा भाग गाळणार होते, गाळला नाही. ते पाय ओढत खिडकीपाशी जाऊन बसले. मग मला कागद घ्यायची खूण केली.

साधं बोलणं अजून जमत नाही. त्या गाण्याच्या चालीत एकेक शब्द बसवतात, अडले की मी पहिल्यापासून चाल धरते. पाऊण तास लागला. घामाघूम झाले, पण मला मध्ये शब्द सुचवू दिला नाही. म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते : 'बारक्या, मी चुकलो. घरी ये.'

'चुकलो' म्हणताना त्यांचा सूर हलला. त्यांना तो कळला नसेल, असं होणारच नाही. पण त्यांनी तो परत घेतला नाही, तसाच राहू दिला.

बाकीचा लोभ समोरासमोर.
ताई