परवान्यावरचं नाव

मंगळवार, १४ सप्टेंबर २००४. कोल्हापूर.

अजून डोकं तापलंय. लेकीच्या नव्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचा प्रोग्राम टाकायला दुकानदाराला बोलावलं होतं. म्हणाला, "वैनी, परवाना एकाच मशीनचा हाय. जुन्यावरनं काढतो, नव्यावर तुमच्या नावानं टाकतो."

नियम मीही वाचलाय, तसाच आहे. पण घरातल्या जुन्या मशीनवर प्रोग्राम उघडला की आधी ह्यांचं नाव येतं. जे नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, ते रोज वाचते.

त्याला म्हटलं, त्यावर ह्यांचं नाव आहे, तर म्हणतो, "नाव व्हय? मिनिटात पुसतंय की."

पुसणारा हा कोण? हे गेल्यावर रेशनकार्डावरून नाव गेलं, लाइटबिलावरून गेलं, मी गप्प बसले. आज नाही. चहासुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलं. लेकीला म्हटलं, तू नवा परवाना घे. ह्यांचं नाव तिथंच राहील.