वाहून गेलेला वाफा

१२ जुलै
नखशिखांत भिजले! जलपर्णी ओढून ओढून हात कामातून गेले. पण वीस हात लांब तरंगता वाफा झाला—वर्गातल्या अकरा बायकांत माझाच मोठा! शिकवणाऱ्या तहमिना आपा म्हणाल्या, "पुरात शेत बुडतं, हा वर येतो." कोहिनूरचा बाप काठावर विडी ओढत बसलेला. म्हणे, "कोहिनूरची आई, ह्या गादीवर झोपायचं की ही खायची?"

१५ जुलै
नदी काठ खात खात अंगणापासून चाळीस पावलांवर आली. कोहिनूरच्या बापाने सांगून टाकलं—वाफ्यातून काही निघालं तर ठीक, नाहीतर भाद्र महिन्यात ढाका. तो रिक्षा ओढणार, मी कुणाची भांडी घासणार. मला नाही जायचं. अजिबात नाही!

३० जुलै
लाल माठ उगवला. दुधीने वेल टाकला. बदकांना दिवसभर शिव्या.

८ ऑगस्ट
वाफा गेला!! पाणी चढलं म्हणून ह्या माणसाने गाय बांधायला दोर सोडला—माझ्या वाफ्याचा! "गाय वाहून गेली असती ना!" आणि वाफा काय तिथे बसून राहणार होता? खूप रडले. गाय निवांत रवंथ करत होती.

९ ऑगस्ट
सापडला! पलीकडच्या बेटाला लागला होता. होडीने गेलो तर तिथे लाठ्या निघालेल्या. नदीतून नवी जमीन वर आली असं समजून दोन चुलतभावांनी वाफ्यात आपापले बांबू रोवले होते! नवी जमीन दिसली की आधी बांबू, मग बाकीचं—आमच्या नदीकाठी हे रक्तातच आहे. पण माठ आणि दुधीसकट वर आलेली जमीन? कुणालाच शंका नाही. "अल्लाची मेहेर!"

बेटाचे पुढारी जोब्बार मातब्बर फीत घेऊन निवाड्याला आले. वाफ्याचं एक टोक धरलं की दुसरं सरकायचं. शेवटी चिडले, "ही जमीन माझा मान राखत नाही!" तेवढ्यात थोरला भाऊ झोपडीचा खांब रोवायला वर चढला आणि सरळ गळ्यापर्यंत आत. मी ओरडले, "अरे मेल्या, माझ्या दुधीवर पाय देऊ नकोस!"

धाकट्याने विचारलं, "चाची, कागद आहे का जमिनीचा?"

कागद कुठला! ही वहीच पुढे केली, तारखेवर बोट ठेवून. मातब्बरांनी मोठ्याने वाचली. पार त्या गादीच्या टोमण्यापर्यंत! सगळं बेट कोहिनूरच्या बापाकडे बघून हसलं. तो पाठ फिरवून विडी पेटवायला लागला. वाफा माझा ठरला.

वाफा होडीला बांधून निघताना बायकांनी होडी धरून ठेवली. "खाला, आम्हालाही शिकव ना."

१६ ऑगस्ट
तहमिना आपा म्हणाल्या, त्या बेटावर मीच शिकवायचं. मी! चौथीत शाळा सुटलेली! पंचवीस तारखेला पहिला वर्ग.

१९ ऑगस्ट
माठाची पहिली भाजी. कोहिनूरच्या बापाने तीनदा वाढून घेतली. म्हणाला, "मीठ जास्त झालंय." ढाक्याचं नाव नाही काढलं. पण जायला काढलेली ट्रंक अजून बाहेरच आहे.

२४ ऑगस्ट
पहाटे अंगण नदीत गेलं, मग चूल. घराचे पत्रे उतरवून होडीत भरले, गाय चढवली. मी म्हटलं, "चला ढाक्याला. हरले मी."
तो वल्हं घेऊन बसला. म्हणाला, "उद्या बायका जमतील. बेटावर कुठल्या बाजूला उतरायचं ते सांग."